भावोजींचा सोमवार

साखळीच्या बाजारात आजवर विकायला आलेल्या प्रत्येक माशाने मेल्यानंतर एकदा तरी आमच्या भावोजींची नजर सोसलेली आहे, असं मी म्हटलं तर कोणी हसू नये. हसायचंच असेल तर आधी त्या बाजारात जाऊन विचारून यावं. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. हा माणूस मासे विकत घ्यायला जात नसे, मासे तपासायला जात असे. अंगात पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या हॉलमधल्या मास्तरांचा भाव. रांगेच्या एका टोकाला सुरुवात करायची, प्रत्येक टोपलीपुढे वाकायचं, माशाच्या डोळ्यात डोळा घालायचा, कल्ला उचलून बघायचा, पोटावर बोट दाबायचं आणि "हें नुस्तें न्हय" एवढंच बोलून पुढच्या टोपलीकडे. मासा नाही, मग काय आहे, हे ते कधी सांगत नसत. एकदा एक मासेवाली वैतागून म्हणाली, "पात्रांव, तुमी नुस्तें सोदतात काय धुवेक न्हवरो?" भावोजी शांतपणे म्हणाले, "न्हवरो वायट मेळ्ळो जाल्यार धूव परत घरा येता. नुस्तें वायट मेळ्ळें जाल्यार कितें करचें?" त्यांना मुलगीही नव्हती आणि मुलगाही नव्हता, पण युक्तिवादात ते असल्या बारीकसारीक गोष्टींना अडत नसत.

आमचं माहेर धारगळचं. भावोजी अक्काला बघायला आले तेव्हा मी परकर नेसणारी होते आणि दाराच्या फटीला डोळा लावून उभी होते. अक्काने खाली मान घालून पाणी आणून दिलं, गेली. भावोजींनी वर बघितलं नाही. पानं वाढली, तेव्हा मात्र त्यांचे डोळे नीट उघडले. जेवण झाल्यावर मध्यस्थाने घसा खाकरून विचारलं, "मगे, चली कशी दिसली?" भावोजी हात पुसता पुसता म्हणाले, "हुमण बरें जालां." बाबांना कळेना, हा होकार की नकार. हुमण म्हणजे आमच्याकडचं माशाचं कालवण, आणि त्या दिवशी ते अक्काने केलं होतं, म्हणून आईने तो होकार धरला आणि चटकन साखर वाटली. अक्का आत येऊन मला म्हणाली, "ह्या मनशान म्हाका पळयलेंच ना गो." मग लग्न झालं, आणि मला वाटतं, त्या घरात गेल्यावर बऱ्याच दिवसांनी भावोजींनी तिला नीट पाहिलं असावं.

नोकरी खाणीवर, वजनकाट्यावर. मालाने भरलेली लॉरी काट्यावर चढायची, भावोजी आकडा लिहायचे आणि लिहून झाल्यावर लॉरीकडे एकदा संशयाने बघून घ्यायचे. त्यामुळे स्वतःचा काटा सोडून जगातल्या कुठल्याही काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. भाजीवाल्याचा काटा, सोनाराचा काटा, पोस्टातला काटा, सगळे चोर. भाषेचंही त्यांचं असंच स्वतःचं शास्त्र होतं. भांडायचं कोंकणीत, पेपर वाचायचा मराठीत आणि देवाशी बोलायचं तेही मराठीतच. कारण देवाला कोंकणीत सांगितलं तर तो आपल्याला घरचाच समजून काम उद्यावर टाकील, अशी त्यांची पक्की समजूत.

आणि असा हा माणूस सोमवारी मात्र शिवराक. शिवराक म्हणजे आमच्या बोलीत शाकाहारी. गोव्यातले पुष्कळ हिंदू सोमवारी मासे खात नाहीत, त्यात नवल नाही. लहानपणी भावोजींना तापाने धरलं होतं तेव्हा त्यांच्या आईने महादेवाला सोमवार बोलला, पोरगा बरा झाला आणि सोमवार कायमचा मागे लागला. पण त्यांचा सोमवार जिभेपुरता नव्हता. त्या दिवशी ते बाजाराच्या गल्लीतून जात नसत, लांबचा फेरा घेत. मासेवाल्याच्या स्कूटरचा भोंगा ऐकू आला की रेडिओ मोठा करत. एका वर्षी पतसंस्थेच्या कॅलेंडरवर कोळ्याचं चित्र होतं. हातात जाळं, जाळ्यात मासे. दर सोमवारी भावोजी ते कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगायचे आणि मग तारीख बघायला शेजाऱ्याकडे जायचे. अक्काला मात्र असला काही नेम नव्हता. ती सोमवारी संध्याकाळी बसने डिचोलीला माझ्याकडे यायची, ब्लाउज शिवायला टाकायचा आहे असं सांगून, आणि माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून बांगडा-भात खाऊन बडीशेप चघळत परत जायची. तिने सांगितले तेवढे ब्लाउज खरोखर शिवले असते तर आमच्या शिंप्याने दुसरा मजला चढवला असता. भावोजींना कळत नसेल असं मुळीच नाही. ती परत आली की ते पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "शिवण बरें जालें?"

मग त्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, त्यानंतर किमो घ्यायचं ठरलं. पणजीकडच्या इस्पितळात, एक आड एक सोमवारी. वार ऐकून भावोजी खूष. "बरें जालें," म्हणाले, "सोमार तसोय फुकट वता." मी पणजीला सरकारी कचेरीत कामाला, जुनी का होईना पण माझी गाडी, तेव्हा सारथ्य माझ्याकडे आलं. पहिली खेप ते थट्टामस्करी करत गेले. तिथे आधी वजन करतात. काट्यावर चढून, आकडा बघून, भावोजींनी सिस्टरला सांगितलं, "हो काटो बरो ना." ती बिचारी वाकून काटा तपासायला लागली.

पुढच्या खेपांना थट्टा आटली. औषध अंगात जायच्या आधीच, नुसती सलाईनची बाटली टांगलेली दिसली की त्यांना ओकारी यायची. मग तर आमोण्याचा पूल ओलांडला की गाडीतच यायला लागली. तोंडाची चव गेली. जे खातील त्याला लोखंडाची चव. "खाणीची तांबडी माती तोंडांत घाल्याभशेन," म्हणायचे. आणि ज्या माणसाने जन्मभर मासळीच्या वासावर दिवस मोजले, त्याला शेजारच्या घरात मासा तळला तरी मोरीकडे धावत जावं लागायचं. अक्काने घरात मासा शिजवणं बंद केलं, आणि माझ्याकडे येणंही. पेज आणि लोणच्याचा खार, तेवढंच त्यांच्या पोटात जायचं. पूर्वी ताटावर बसले की खोड काढायचीच. आमसूल कमी, नारळ जाड वाटलाय, मीठ कोणासाठी राखून ठेवलंय. मी ऐकून तापायचे, तोंडावर म्हणायचे, "भावोजी, स्वता रांदून खायात मगो!" अक्का हसायची. आता ते मुकाट्याने पेज ढवळत बसायचे आणि अर्धी वाटी झाल्यावर ताट सारायचे. अक्का मोरीवर जाऊन भांडी घासत रडायची, मोठ्याने घासायची म्हणजे ऐकू येऊ नये. वजन खाली खाली चाललं. डॉक्टरीणबाई तरुण, पण स्पष्ट बोलणारी. तिने सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर पुढचं औषध मला देता येणार नाही. "काटो बरो ना" असंही भावोजी आता म्हणेनासे झाले. घरी परतताना गाडीत म्हणाले, "पुरो आतां. सोडून दिवंया." अक्काने माझ्याकडे आरशातून बघितलं. मी पुढच्या टेम्पोवाल्याला उगाच शिव्या दिल्या.

त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी तो डबा आणला. डोळ्यांवर बसवून डोक्याला पट्ट्याने बांधायचा काळा डबा. आत बघितलं की सगळीकडे दुसरंच जग, मान वळवू तिकडे. ती म्हणाली, "काका, याने आजार बरा होणार नाही हं. पण मन दुसरीकडे गुंतलं की मळमळ कमी होते असा अनुभव आहे. बघूया?" अक्काने डबा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाली, "घोड्याचीं झापडां." भावोजींनी खांदे उडवले. पट्टा बांधायला जी सिस्टर होती ती हरमलची, चुणचुणीत. तिने पहिल्यांदा समुद्रकिनारा लावला. निळं पाणी, पांढरी वाळू. भावोजींनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, म्हणाले, "एक होडी ना, एक मनीस ना. हो कसलो दर्यो?" सिस्टर खुदकन हसली. "काका, म्हज्या घराफाटल्यान बरो दर्यो आसा," म्हणाली आणि बर्फाचे डोंगर लावले. त्या डोंगरांवर भावोजींना खरोखरच हुडहुडी भरली. अक्काने शाल घातली, वर चादर घातली, आणि थोड्या वेळाने डबा काढला तेव्हा माणूस घामाने निथळत होता आणि तरी दात वाजवत होता.

तिसऱ्यांदा सिस्टरने समुद्राच्या पोटातलं चित्र लावलं. भावोजींची मान हळूहळू वळायला लागली. सिस्टरने मला डोळ्यांनी खुणावलं आणि सुई टोचली. त्यांनी हातसुद्धा हलवला नाही. औषध सुरू झालं. अक्का पदराखाली पिशवी धरून तयार बसलेली, पण ओकारी काही येईना. मग बोलायला लागले, आपल्याशीच. "हो तांबडो कोण? रंगयल्ल्याभशेन दिसता... खावपाचो न्हय तो... ही बाय कोण, शेंपटी हालयत चलल्या..." अक्काच्या चेहऱ्यावर कितीतरी आठवड्यांनी तजेला आला. आणि तेवढ्यात भावोजी खुर्चीत ताठ झाले, मोकळा हात वर गेला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे ओरडले, "बांगडे! बांगडे गो! चंवरच्या चंवर!" चंवर म्हणजे माशांचा थवा. समोरचा पेशंट दचकून उठला. मी टाळ्याच वाजवणार होते. पण पुढच्याच क्षणी त्यांनी डबा असा ओरबाडून काढला की जणू आत निखारा होता. "आज सोमार!" ते म्हणाले. चेहरा पांढराफटक.

मग आमचं जुंपलं. मी म्हटलं, "भावोजी, तीं खरीं न्हय! बॅटरेचेर चलतात तीं!" ते म्हणाले, "बॅटरेचीं जावं, उदकाचीं जावं. पळयल्यार खावचेशें दिसता, आनी मनाक तोंड आसता गो." मी म्हटलं, मग दुसरं काहीतरी लावू. दुसरं काही लावलं की ओकारी. सिस्टर म्हणाली, वार बदलता येतो का विचारू. तोही बदलेना, सगळ्या जागा भरलेल्या. शेवटी अक्काने गावच्या भटजींना फोन लावला आणि फोन भावोजींच्या कानाला धरला. भटजींनी बराच वेळ घेतला. डबा म्हणजे काय हे समजून घेण्यातच निम्मा वेळ गेला. मग त्यांचा आवाज मलाही ऐकू आला: "देवळाच्या तळयेंतय नुस्तीं आसतात. तांकां पळोवन कोणाचोच सोमार मोडना. फकत खावपाचे नदरेन पळोवं नाकात."

तिथून पुढे दर खेपेला भावोजी डबा बांधायच्या आधी हात जोडायचे, ते हात औषध संपेपर्यंत मांडीवर जोडलेलेच. वॉर्डातली माणसं आधी हसायची. पण ओकारी थांबली, हे सगळ्यांनी बघितलं. ज्या माणसाने जन्मात माशाचं कौतुक "ताजें आसा" याच्यापलीकडे केलं नव्हतं, तो त्या खुर्चीत बसून म्हणायचा, "कितली सोबीत! भरजरी न्हेसल्याभशेन!" शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या बाईने एके दिवशी सिस्टरला सांगितलं, "म्हाकाय तीं देवाचीं नुस्तीं दाखय गो." आमोण्याच्या पुलावर गाडी थांबवायची वेळ येईना. मी स्वतःवरच खूष होते, जणू डबा मीच शोधून काढला होता.

पण घरी काही सुधारेना. तीच पेज. आणि आता नवीनच. मंगळवारी अक्काने भीत भीत विचारलं, बांगडा करू का, तर म्हणाले, "नाका गो. कालूच पळयल्यांत तीं. कशीं आनंदान भोंवतालीं." अक्काने मला फोन करून झोडपलं. "तुज्या त्या डब्यान म्हजो घोव शिवराक केलो! आतां मंगळारूय गेलो!" मी पण आवाज चढवला, म्हटलं डबा मी बनवला का? मग दोघींनीही फोन ठेवला, कारण दोघींनाही माहीत होतं की भांडण कशाचं आहे. पुढल्या खेपेला वजन आणखी खाली होतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आज देते. पण काकू, पुढच्या वेळी काट्याने एवढंसुद्धा मागे जाता कामा नये, नाहीतर मला थांबवावं लागेल." अक्काने मान हलवली. भावोजी दुसरीकडे बघत होते.

त्याच दिवशी, औषध निम्मं झालं असताना, भावोजींचा गळा हलताना दिसला. आवंढा गिळला, पुन्हा गिळला. अक्का पिशवी घेऊन उठली. "कितें जालें? ओंक येता?" त्यांनी डब्यासकट मान हलवली, नाही. थोड्या वेळाने अगदी लहान आवाजात म्हणाले, "गो... तोंडाक उदक सुटलां." आम्हाला कळलंच नाही आधी. मग ते म्हणाले, "बांगडे आयल्यात. हांवें खावपाचे नदरेन पळयले. आज सोमार." डब्याच्या खालून दोन्ही गालांवर पाणी ओघळत होतं. माझी थोरली बहीण, जिला मी कधी चारचौघांत त्यांच्या अंगाला हात लावताना बघितलं नव्हतं, तिने आपल्या पदराने त्यांचे गाल पुसले.

परतताना माशेल आलं आणि अक्का म्हणाली, "गाडी थांबय." रस्त्याच्या कडेला एक मासेवाली उरलीसुरली टोपली घेऊन बसलेली. अक्काने जन्मात मासा विकत घेतला नव्हता. तो प्रांत भावोजींचा. तिने त्या टोपलीतले वरचेच बांगडे उचलले, ना डोळा बघितला ना कल्ला. माशांचे डोळे लाल झालेले मला गाडीतूनही दिसत होते. मागच्या सीटवर भावोजींनी तोंड उघडलं, मग त्यांना वार आठवला असावा, तोंड मिटलं. सोमवारी माशाबद्दल बोलायचं कसं? त्यांचा तो चेहरा मी आरशात बघितला आणि हसू दाबता दाबता गाडी जवळजवळ पानवाल्याच्या गाड्यावर घातली.

घरी भावोजींनी बांगडे उद्यावर ढकलले. "फाल्यां खातां," म्हणाले. अक्का विळी घेऊन बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, "फाल्यां तोंडाक उदक सुटतलें म्हूण कोणें सांगलां?" त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. "तुमचो सोमार हांवें घेतलो," अक्का म्हणाली. "आजसावन म्हजो. देवाक सोमार मेळ्ळो म्हणजे जालें, कोण धरता तें तो पळयना." मग हात धुऊन देवापुढे गेली, उभ्याउभ्याच हात जोडले आणि परत आली. "सांगलां," म्हणाली, "मराठींत सांगलां."

त्या संध्याकाळी भावोजींनी चार घास भात आणि हुमण खाल्लं, बांगड्याची एक बाजू खाल्ली, आणि ते पोटात राहिलं. आम्ही दोघी समोर बसून त्यांचा घास मोजत होतो, त्यांना अगदी अवघडल्यासारखं झालं. मंगळवारीही खाल्लं. पुढच्या खेपेला काटा मागे गेला नाही. औषधाच्या सगळ्या खेपा पुऱ्या झाल्या, तपासण्या चांगल्या आल्या, आणि अक्काने डॉक्टरीणबाईला डब्याच्या वरून दृष्ट काढायची आहे असं सांगून तिची भंबेरी उडवली.

आता बाजार अक्का करते. भावोजी फार लांब चालत नाहीत. सोमवारी ते मासे खातात आणि अक्का शेजारी वरण-भात घेऊन बसते. ब्लाउज शिवायला ती पुन्हा कधी आली नाही. खोडी काढणंही हळूहळू परत सुरू झालं. मीठ उणें, नाल्ल चड, हुमण दाट. अक्काचा चेहरा प्रत्येक खोडीला उजळतो. मलाही इतकं बरं वाटायचं की मी तापायचंच सोडून दिलं. मग एकदा मी त्यांना एकटीच तपासणीला घेऊन चालले होते. गाडीत त्यांनी सहज सांगितलं, "म्हाका रूच लागना गो. त्या दिसा उदक सुटलें, तितलेंच. माती ती मातीच." मी म्हटलं, मग मीठ कमी, नारळ जास्त, हे कळतं कसं? "अदमास," ते म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "तिका सांगूं नाका. खोड काडली ना जाल्यार ती भियेता." माझ्या पोटात एरवी काही राहत नाही, हे आमच्या घरी कोणालाही विचारा. पण हे राहिलं.

गेल्याच महिन्यातली गोष्ट. सोमवार होता, मी रजा घेऊन त्यांच्याकडे जेवायला गेले होते. बांगड्याच्या हुमणाला आमच्याकडे तिरफळं लागतात, त्यांच्या वासाशिवाय ते हुमण वाटतच नाही. पण साखळीच्या बाजारात तिरफळं मिळाली नव्हती, अक्काच्या घरातला डबा रिकामा होता. "आज तशेंच," ती म्हणाली आणि माझ्यासमोर हुमण तसंच उकळलं. पानं वाढली. भावोजींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, पूर्वी बाजारात करायचे तसा गंभीर चेहरा केला. "तिरफळां मात्शीं चड जालीं," म्हणाले.

मी मान खाली घातली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून अक्काकडे बघितलं. अक्काचा वरण-भाताचा हात ताटातच थांबला होता. ती त्यांच्याकडे बघत होती.

"जालीं आसतलीं," ती म्हणाली. "फाल्यां उणीं घालतां." आणि उठून त्यांच्या भातावर आणखी एक डाव हुमण वाढलं.